वेब सर्व्हरच्या टीममध्ये नव्याने रुजू होताना: एका रिक्वेस्टपासून सुरुवात करा

काही वर्षं वेब अ‍ॅप्लिकेशनं लिहिल्यावर मी खुद्द वेब सर्व्हर लिहिणाऱ्या टीममध्ये रुजू झाले. इतके दिवस माझा कोड कुणाच्या तरी सर्व्हरवर चालायचा, आता ज्याच्यावर इतरांचा कोड चालतो तो सर्व्हरच घडवायचा होता. एचटीटीपी (ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात ते) आपल्याला येतं, अशी माझी समजूत होती. गेट, पोस्ट, कुकी, स्टेटस कोड हे सगळं रोजच्या वापरातलं. पण फ्रेमवर्क आपल्या हातात जी रिक्वेस्ट देतं ती निवडून-पाखडून दिलेली असते. सर्व्हरच्या दारात ती सुट्या बाइटांच्या रूपात येते. कधी अर्धीच येते, कधी दोन एकमेकींना चिकटून येतात, कधी कुणीतरी मुद्दाम मोडून पाठवलेली असते. हा फरक अंगवळणी पडायला मला तीनेक महिने लागले.

पहिले दोन आठवडे तर मी मुख्य फाइल उघडून वरून खाली कोड वाचत बसले. सर्व्हरचा कोड तसा उलगडत नाही. आधी कॉन्फिगरेशन वाचणं येतं, मग मेमरी पूल, मग मॉड्यूलांची नोंदणी, मग सिग्नल. ज्या रिक्वेस्टसाठी हा सगळा खटाटोप, ती हजारो ओळी वाचूनही भेटत नाही. तिसऱ्या आठवड्यात मी वाचणं थांबवलं, एकच रिक्वेस्ट धरली आणि तिच्या मागोमाग गेले. तिथून पुढे कोड समजू लागला. आज नव्याने येणाऱ्याला मी जो क्रम सुचवते तो खाली दिला आहे.

पायरी 1: बिल्ड करा, चालवा आणि अडलेलं लिहून ठेवा

पहिल्या दिवशीचं काम मोजकं आहे. कोड घ्या, बिल्ड करा, टेस्ट चालवा, आपल्या मशिनवर सर्व्हर उभा करा आणि त्याच्याकडून एक साधी फाइल मागून घ्या. लिनक्सवर 1024 च्या खालचे पोर्ट साध्या यूजरला मुळात मिळत नाहीत, त्यामुळे 80 किंवा 443 च्या नादी न लागता 8080 सारखा वरचा पोर्ट घ्या.

कुठे अडलात, कोणती लायब्ररी हाताने टाकावी लागली, कोणती टेस्ट फक्त तुमच्याच मशिनवर फेल झाली, हे तिथल्या तिथे लिहा. महिन्याभराने या अडचणी तुम्हाला आठवणारही नाहीत, आणि टीममधल्या जुन्या लोकांना त्या दिसायच्या कधीच बंद झालेल्या असतात. माझ्या या यादीवरून सेटअपचं डॉक्युमेंट सुधारणं हाच माझा पहिला पॅच (टीमच्या फाइलींत सुचवलेला बदल) होता. नव्या माणसाने पहिला पॅच असाच द्यावा असं मला मनापासून वाटतं, कारण त्या आठवड्यात टीममध्ये ते काम फक्त त्यालाच जमतं.

पायरी 2: एक रिक्वेस्ट हाताने टाइप करा आणि तिच्या मागे जा

या पायरीला पूर्ण आठवडा द्या. बाकी कशात घाई केलीत तरी चालेल.

ब्राउझर बाजूला ठेवा. नेटकॅट किंवा टेलनेट (पोर्टला जोडून कच्चा मजकूर पाठवणाऱ्या कमांड) वापरून सर्व्हरच्या पोर्टला जोडून घ्या आणि रिक्वेस्ट स्वतः टाइप करा. पहिल्या ओळीत मेथड, पाथ आणि एचटीटीपीची आवृत्ती, दुसऱ्या ओळीत होस्ट हेडर, त्यानंतर एक रिकामी ओळ. उत्तर आलं की पुन्हा जोडा आणि होस्ट हेडर गाळून बघा. एचटीटीपी 1.1 मध्ये तो सक्तीचा आहे, त्यामुळे 400 (‘रिक्वेस्ट चुकीची आहे’) यायला हवा. एकाच आयपी पत्त्यावर अनेक साइट नांदत असतात. त्यातली कोणती हवी आहे हे साध्या एचटीटीपीत सर्व्हरला या ओळीवरून कळतं.

आता तिसऱ्यांदा जोडा. होस्ट हेडर द्या, पण शेवटची रिकामी ओळ देऊ नका. नुसतं थांबा. स्क्रीनवर काहीच होत नाही. पण सर्व्हरच्या बाजूला एक सॉकेट (कनेक्शनचं सर्व्हरकडचं टोक) उघडं आहे, त्याच्यासाठी बफर राखून ठेवला आहे, एक टायमर चालू आहे, आणि हे सगळं तुम्ही काहीही न करता अडवून ठेवलं आहे. मी घड्याळ लावून बसले होते. आमच्या सर्व्हरने 60 सेकंदांनी कनेक्शन तोडलं. हा 60 चा आकडा कुठे लिहिला आहे, टायमर कोणत्या फंक्शनमध्ये सुरू होतो, हेडर पूर्ण आल्यावर तो कोण रद्द करतं, हे शोधता शोधता सर्व्हरचा निम्मा आराखडा माझ्या डोक्यात बसला. 2009 मध्ये गाजलेला स्लोलोरिस हल्ला नेमका याच अवस्थेचा फायदा घेतो. भरपूर कनेक्शनं उघडायची, हेडर थेंबाथेंबाने पाठवत राहायचे आणि रिकामी ओळ कधीच द्यायची नाही. कनेक्शनमागे एक थ्रेड अडकवून ठेवणारा सर्व्हर एका साध्या लॅपटॉपनेही जेरीस येतो. हे वर्णन मी आधी वाचलं होतं, पण समजलं ते त्या 60 सेकंदांत.

पुढचा प्रयोग: एक छोटी स्क्रिप्ट लिहा आणि तीच रिक्वेस्ट एकेक बाइट करून, मध्ये थोडं थांबत पाठवा. ही रिक्वेस्ट ज्याच्यावरून जाते तो टीसीपी हा बाइटांचा प्रवाह आहे, संदेशाच्या सीमा त्याला ठाऊक नसतात. सर्व्हरने सॉकेट वाचलं की हातात काय येईल याची शाश्वती नाही. ‘होस्ट’ या शब्दाचं पहिलं अक्षर एका वाचनात आणि उरलेला शब्द पुढच्या वाचनात, असंही होतं. म्हणून सर्व्हरचा पार्सर (बाइटांतून रिक्वेस्ट ओळखणारा कोड) ‘आपण आत्ता कुठवर आलो’ हे लक्षात ठेवून मध्येच थांबतो आणि पुढचे बाइट आले की तिथूनच पुढे चालू लागतो. पार्सरच्या फाइलमधला तो लांबलचक स्विच (अनेक पर्यायांतून एक निवडणारी कोडची रचना) पहिल्यांदा पाहून छातीत धडकी भरते, पण ही स्क्रिप्ट चालवून तो स्विच डीबगरमध्ये एकेक पायरी पुढे नेत पाहिलात की त्याची रचना सरळ दिसू लागते.

मग सर्व्हर एसट्रेसखाली चालवा, म्हणजे तो कर्नलकडे काय काय मागतो ते दिसतं. साधी फाइल मागितली की लिनक्सवर साधारण अशी मालिका दिसते: ईपोलने (कोणत्या सॉकेटवर हालचाल झाली ते सांगणारी लिनक्सची सोय) जाग आणली, कनेक्शन स्वीकारलं, सॉकेटमधून वाचलं, फाइल उघडली, तिचा आकार विचारला, हेडर लिहिले, सेंडफाइलने मजकूर थेट पाठवला, लॉगमध्ये एक ओळ टाकली, पुन्हा ईपोलवर झोपला. यातल्या प्रत्येक सिस्टिम कॉलसमोर आपल्या कोडमधल्या फंक्शनचं नाव कागदावर लिहा. हाताने, कागदावर. माझा तो कागद अजून टेबलाच्या खणात आहे आणि नव्या माणसाला समजावताना मी तोच समोर ठेवते.

पायरी 3: सर्व्हर असाच का बांधला आहे, हे विचारा

टिम बर्नर्स-ली यांनी 1990 मध्ये सर्न या युरोपीय संशोधनकेंद्रात पहिला वेब सर्व्हर नेक्स्ट कंपनीच्या एका संगणकावर चालवला. ‘हे मशिन सर्व्हर आहे, बंद करू नका’ अशा अर्थाची लाल शाईची चिठ्ठी त्यावर चिकटवलेली होती. पुढे 1995 मध्ये एनसीएसए या अमेरिकी संशोधनकेंद्राच्या सर्व्हरचा कोड घेऊन, त्याला पॅच जोडत जोडत अपाची हा वेब सर्व्हर उभा राहिला. त्याची सुरुवातीची पद्धत समजायला सोपी होती: प्रत्येक कनेक्शनमागे एक प्रोसेस. प्रोसेस अडली तर तेवढंच कनेक्शन अडतं, बाकीची चालू राहतात. पण कनेक्शनं वाढली की प्रोसेसही वाढतात आणि मेमरी पुरत नाही. 1999 मध्ये डॅन केगेल यांनी ‘सी10के’ या नावाने हा प्रश्न मांडला: एका मशिनवर एकाच वेळी 10 हजार क्लायंट कसे सांभाळायचे? ईपोल लिनक्स कर्नलमध्ये 2002 च्या सुमारास आलं. इगोर सिसोएव यांनी त्याच वर्षी एनजिनएक्स या वेब सर्व्हरवर काम सुरू केलं आणि 2004 मध्ये तो सर्वांसाठी खुला केला. त्यात मोजक्याच वर्कर प्रोसेस असतात आणि प्रत्येक वर्कर इव्हेंट लूप (ज्या कनेक्शनवर काही घडलं त्याचं काम करून पुढच्याकडे वळणारं चक्र) चालवून हजारो कनेक्शनं सांभाळतो.

हा इतिहास माहीत असावा, कारण तुमच्या सर्व्हरमध्ये काय करायला मनाई आहे ते त्यावर ठरतं. पहिल्याच आठवड्यात विचारा: आपल्याकडे कनेक्शनमागे प्रोसेस आहे, थ्रेड आहे की इव्हेंट लूप?

आमच्याकडे इव्हेंट लूप होता आणि त्याचा अर्थ मला एका रिव्ह्यूत (सहकाऱ्याने माझा कोड तपासताना) कळला. लॉगमध्ये क्लायंटच्या आयपीसोबत त्याचं होस्टनेमही यावं, असा एक पॅच मी लिहिला होता. जेमतेम 20 ओळी. टेस्ट पास, माझ्या मशिनवर सगळं व्यवस्थित. रिव्ह्यू करणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्याने एकाच ओळीवर बोट ठेवलं: “ही ओळ किती वेळ घेईल, सांगशील का?” ती डीएनएसला (आयपी पत्ते आणि नावं यांची नोंदवही) विचारणारी ओळ होती. मी म्हणाले, “एखादा मिलिसेकंद.” त्याने विचारलं, “आणि डीएनएस सर्व्हर उत्तरच देत नसेल तर?” तेव्हा कुठे लक्षात आलं. सिस्टिमच्या लायब्ररीतलं ते फंक्शन उत्तर येईपर्यंत तिथेच थांबून राहतं, काही वेळा 5 सेकंद, पुन्हा प्रयत्न झाला तर त्याहून जास्त. त्या वेळात त्या वर्करची उरलेली सगळी कनेक्शनं खोळंबणार. अ‍ॅप्लिकेशनमध्ये माझी अशी ओळ एका यूजरला थांबवायची. इथे तिने हजारो लोकांना थांबवलं असतं.

तेव्हापासून कोणतंही फंक्शन बोलावण्याआधी मी हाच प्रश्न विचारते. फाइल वाचणं, लॉक घेणं, डीएनएस, लॉग लिहिणं, मोठं रेग्युलर एक्स्प्रेशन चालवणं: प्रत्येकाला वाईटातल्या वाईट दिवशी किती वेळ लागेल?

पायरी 4: आरएफसी उघडा, पण योग्य त्या

कोडमधल्या जुन्या कॉमेंटमध्ये तुम्हाला आरएफसी 2616 चा (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम सांगणारे क्रमांकित दस्तऐवज) उल्लेख पदोपदी दिसेल. तो 1999 चा दस्तऐवज आहे. 2014 मध्ये त्याची जागा 7230 ते 7235 या सहा आरएफसींनी घेतली आणि जून 2022 मध्ये सगळं पुन्हा नव्याने मांडलं गेलं. आता रिक्वेस्ट, रिस्पॉन्स, मेथड आणि स्टेटस कोड यांचा अर्थ 9110 मध्ये आहे, एचटीटीपी 1.1 चे बाइट कसे मांडायचे ते 9112 मध्ये, एचटीटीपी 2 हे 9113 मध्ये आणि एचटीटीपी 3 हे 9114 मध्ये. सगळे सलग वाचू नका. हातातलं काम ज्या भागाशी संबंधित आहे तेवढाच भाग वाचा, पण तो शब्दन् शब्द वाचा. ‘मस्ट’ (केलंच पाहिजे) आणि ‘शुड’ (करावं) या दोन शब्दांत तिथे जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो 1997 च्या आरएफसी 2119 मध्ये रीतसर सांगितलेला आहे.

एक उदाहरण बघा. रिक्वेस्टची बॉडी कुठे संपते हे सांगायचे दोन मार्ग आहेत: कंटेंट-लेंग्थ हेडरने बाइटांचा आकडा द्यायचा, किंवा ट्रान्सफर-एन्कोडिंग हेडर देऊन बॉडी चंकच्या (तुकड्यांच्या) रूपात पाठवायची. एकाच रिक्वेस्टमध्ये दोन्ही आले तर? पुढे उभा असलेला प्रॉक्सी (रिक्वेस्ट घेऊन मागच्या सर्व्हरकडे पोहोचवणारा) एकावर विश्वास ठेवतो, मागचा सर्व्हर दुसऱ्यावर, आणि मग बॉडी कुठे संपली याबद्दल दोघांचं एकमत होत नाही. मधले उरलेले बाइट मागचा सर्व्हर नवी रिक्वेस्ट समजून वाचतो. ही चोरून आत घुसवलेली रिक्वेस्ट प्रॉक्सीच्या तपासणीतून गेलेलीच नसते. रिक्वेस्ट स्मगलिंग म्हणतात ते हेच. म्हणून 9112 सांगतं की दोन्ही आले तर ट्रान्सफर-एन्कोडिंगचं चालेल. सर्व्हरने अशी रिक्वेस्ट नाकारली तरी हरकत नाही, पण उत्तर दिल्यावर कनेक्शन बंद करायलाच हवं.

जॉन पोस्टेल यांनी 1980 मध्ये टीसीपीसाठी मांडलेलं तत्त्व, की पाठवताना काटेकोर राहा आणि स्वीकारताना उदार, अजूनही वारंवार ऐकू येतं. सर्व्हरच्या पार्सरपुरतं माझं मत त्याच्या विरुद्ध झालं आहे. संदिग्ध इनपुट आलं तर 400 द्या. त्याचा अर्थ आपण लावू नये, कारण आपल्या पुढच्या-मागच्या सॉफ्टवेअरने तोच अर्थ लावला असेल याची खात्री नसते.

नियम पाळूनही हल्ला होऊ शकतो, हे ऑक्टोबर 2023 मध्ये जाहीर झालेल्या रॅपिड रीसेटने दाखवलं. एचटीटीपी 2 मध्ये क्लायंटला स्ट्रीम (एकाच कनेक्शनवरची एकेक रिक्वेस्ट) उघडून लगेच रद्द करता येतो, हे पूर्ण नियमात बसतं. एका वेळी किती स्ट्रीम उघडे असू शकतात या मर्यादेत रद्द झालेला स्ट्रीम मोजला जात नाही, पण सर्व्हरने काम तर सुरू केलेलं असतं. उघडा, रद्द करा, उघडा, रद्द करा, हे चक्र चालवून झालेल्या हल्ल्यात गूगलने सेकंदाला 39 कोटी 80 लाख रिक्वेस्ट मोजल्या. बहुतेक सर्व्हरना यासाठी पॅच काढावे लागले. तुमच्या सर्व्हरचा पॅच गिटच्या इतिहासात शोधा आणि वाचा. इतक्या दबावाखाली, इतक्या कमी ओळींत टीमने काय बदललं हे पाहण्यासारखं असतं.

पायरी 5: स्टेटस कोड आणि टाइमआउट वाचायला शिका

500 च्या घरातले कोड अ‍ॅप्लिकेशन लिहिताना मला एकसारखेच वाटायचे. इथे प्रत्येकाचं बोट वेगळ्या दिशेला असतं. 502 म्हणजे मागच्या सर्व्हरकडून धड उत्तर आलं नाही. 504 म्हणजे उत्तर वेळेत आलं नाही. 503 म्हणजे आत्ता काम घ्यायची ताकद नाही. एनजिनएक्सच्या लॉगमध्ये 499 दिसतो, तो कोणत्याही आरएफसीत नाही. उत्तर तयार होण्याआधीच क्लायंट निघून गेला, एवढाच त्याचा अर्थ. 499 अचानक वाढले तर आधी रिस्पॉन्सला लागणारा वेळ तपासा, लोक वाट पाहून कंटाळलेले असतात.

माझं पहिलं खरं काम एका 502 चं होतं, आणि ते सविस्तर सांगते, कारण हा प्रकार तुम्हालाही कधी ना कधी भेटणारच. आमचा सर्व्हर प्रॉक्सी म्हणून पुढे होता, मागे एक अ‍ॅप्लिकेशन. दिवसभर सगळं सुरळीत. पण रात्री, ट्रॅफिक अगदी कमी असताना, तुरळक 502 यायचे, आणि बहुतेक पोस्ट रिक्वेस्टवर. अ‍ॅप्लिकेशनच्या लॉगमध्ये त्या रिक्वेस्टची नोंदच नाही. अ‍ॅप्लिकेशनवाले म्हणत, आमच्याकडे काही आलंच नाही. ते खरंच बोलत होते.

लोड कमी असताना चूक वाढते, हाच धागा होता. मी दोन मशिनच्या मध्ये टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट नोंदवणारं साधन) लावून ठेवला आणि सकाळी एकेका 502 ची वेळ धरून पॅकेट पाहिले. प्रत्येक वेळी तेच चित्र. प्रॉक्सी आणि अ‍ॅप्लिकेशन यांच्यातलं कीप-अलाइव्ह (पुढच्या रिक्वेस्टसाठी उघडं ठेवलेलं) कनेक्शन 5 सेकंद रिकामं पडून होतं. पाचवा सेकंद भरताच अ‍ॅप्लिकेशनने ‘मी बंद करतो’ सांगणारं फिन पॅकेट पाठवलं. ते वाटेत असतानाच प्रॉक्सीने त्याच कनेक्शनवर नवी पोस्ट रिक्वेस्ट सोडली, कारण त्याच्या हिशेबी कनेक्शन 60 सेकंद चांगलं होतं. अ‍ॅप्लिकेशनचं सॉकेट तोवर बंद झालं होतं, त्यामुळे उत्तरादाखल रीसेट (कनेक्शन तोडल्याचा निरोप) आला. या सगळ्यात एक मिलिसेकंदही गेला नव्हता. दिवसा ट्रॅफिक इतकं असायचं की कोणतंही कनेक्शन 5 सेकंद रिकामं राहायचंच नाही, म्हणून दिवसा चूकही नव्हती. गेट रिक्वेस्टवर असं झालं की आमचा प्रॉक्सी ती मुकाट्याने नव्या कनेक्शनवर पुन्हा पाठवत होता. पोस्ट तशी पाठवणं धोक्याचं, कारण पहिली पोहोचली होती की नाही हे कळायला मार्ग नाही, आणि एकच ऑर्डर दोनदा नोंदली जाऊ शकते.

हे 5 सेकंद काही आमच्याच अ‍ॅप्लिकेशनचं वैशिष्ट्य नव्हतं. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या आठव्या आवृत्तीत ही मर्यादा आली तेव्हा तिचं मूळ मूल्य तेवढंच होतं. उपाय एका ओळीचा निघाला: मागच्याची मर्यादा पुढच्यापेक्षा जास्त ठेवा, म्हणजे कनेक्शन बंद करण्याचा पुढाकार नेहमी प्रॉक्सीकडे राहील. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या रचनेसाठी टाइमआउटचा तक्ता मांडते. रिकामं कनेक्शन टिकवण्याची मर्यादा बाहेरून आत जाताना वाढत जायला हवी. उत्तराची वाट पाहण्याची मर्यादा मात्र आत जाताना कमी होत जायला हवी, नाहीतर बाहेरचा कंटाळून निघून गेल्यावरही आतला राबत राहतो.

पायरी 6: उघड्या फाइलींचा हिशेब ठेवा

लिनक्सच्या प्रोसेसकडे प्रत्येक सॉकेट आणि प्रत्येक उघडी फाइल हा एक फाइल डिस्क्रिप्टर असतो. बऱ्याच सिस्टिमवर त्यांची सौम्य मर्यादा (प्रोसेस स्वतः वाढवू शकते ती) 1024 असते. प्रॉक्सीला एका क्लायंटमागे दोन डिस्क्रिप्टर लागतात, म्हणजे पाचशे क्लायंटच्या आसपासच तो अडतो. पहिली लोड टेस्ट करण्याआधी ही मर्यादा पाहून घ्या.

दुसरी गोष्ट डिस्कची. एकदा डिस्क 100 टक्के भरल्याचा अलर्ट आला. फोल्डरांची बेरीज केली तर निम्मीही भरत नव्हती. जुनी लॉग फाइल कुणीतरी जागा करायला डिलीट केली होती, पण सर्व्हरने ती उघडी धरून ठेवली होती. नाव गेलं, मजकूर राहिला, आणि सर्व्हर त्या निनावी फाइलमध्ये ओळींमागून ओळी लिहीत होता. एलएसओएफ (उघड्या फाइलींची यादी देणारी कमांड) चालवून ‘डिलीटेड’ शिक्का असलेल्या फाइली पाहिल्या तेव्हा उलगडा झाला. अशा वेळी सर्व्हर बंद करायची गरज नसते. एनजिनएक्सला यूएसआर1 सिग्नल दिला की तो लॉग फाइली नव्याने उघडतो. एचयूपी दिला की नवं कॉन्फिगरेशन वाचून नवे वर्कर उभे करतो आणि जुन्यांना हातातलं काम संपवून जाऊ देतो. तुमच्या सर्व्हरमध्ये कोणता सिग्नल काय करतो याची यादी पाठच करा. आणि रीलोडआधी कॉन्फिगरेशन तपासणारी कमांड चालवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी 7: पहिला कोडचा पॅच

छोटा असावा. जुन्या बगच्या यादीतला एखादा घ्या आणि दुरुस्तीआधी तो बग दाखवणारी, फेल होणारी टेस्ट लिहा. त्या भागाचा गिटमधला इतिहास वाचा. विचित्र दिसणारी ओळ बहुधा कुठल्या तरी जुन्या ब्राउझरच्या किंवा घडलेल्या अपघाताच्या नावाने तिथे आलेली असते.

सर्व्हर सी किंवा सी प्लस प्लसमध्ये असेल तर टेस्ट अ‍ॅड्रेस सॅनिटायझरसकट (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) चालवा, सवयच लावून घ्या. एप्रिल 2014 मध्ये उघडकीस आलेला हार्टब्लीड आठवा. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत क्लायंट म्हणायचा ‘माझ्या मजकुराची लांबी इतकी आहे, तो परत पाठव’, आणि कोड त्या लांबीवर विश्वास ठेवायचा. मजकूर एक बाइटाचा असला तरी मेमरीतले शेजारचे 64 किलोबाइटपर्यंत बाइट बाहेर जायचे, त्यात पासवर्ड आणि खासगी किल्ल्याही असू शकत. हा बग दोन वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. बाहेरून आलेला कोणताही आकडा दिसला की तो तपासला कुठे आहे, हे रिव्ह्यूत आवर्जून विचारा. नवे आहात म्हणून संकोच करू नका. माझ्या टीममध्ये असे दोन बग नव्या माणसांनीच पकडले आहेत, तेही ‘मला हे समजलं नाही’ असं म्हणून.

प्रश्न विचारताना आपण काय करून पाहिलं तेही सांगा. ‘502 का येतोय?’ यापेक्षा ‘502 येतोय, मागच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये नोंद नाही, हा पॅकेटचा कॅप्चर’ असं लिहिलंत तर समोरचा हातातलं काम टाकून मदतीला येतो.

पायरी 8: मोजताना सरासरीवर थांबू नका

लोड टेस्टसाठी डब्ल्यूआरके किंवा तसंच साधन घ्या आणि ते वेगळ्या मशिनवरून चालवा. सरासरी बाजूला ठेवून 99 वा पर्सेंटाइल (99 टक्के रिक्वेस्ट ज्या वेळेच्या आत संपतात तो आकडा) पाहा. एका पानासाठी 100 रिक्वेस्ट लागत असतील आणि शंभरातली एक संथ असेल, तर साधारण 63 टक्के वेळा त्या पानाला एक तरी संथ रिक्वेस्ट भेटते.

एका सापळ्याची आगाऊ सूचना देते. कीप-अलाइव्ह न वापरता टेस्ट केलीत तर काही सेकंदांत कनेक्शनं उघडेनाशी होऊ शकतात आणि दोष सर्व्हरवर जातो. कनेक्शन आधी बंद करणाऱ्या बाजूचा पोर्ट लिनक्स 60 सेकंद टाइम-वेटमध्ये (बंद झाल्यानंतरच्या प्रतीक्षेत) ठेवतं. बाहेर जाणाऱ्या कनेक्शनांसाठी मुळात 32768 ते 60999 एवढेच पोर्ट असतात, म्हणजे 28 हजारांच्या थोडे वर. लोड पाठवणारं मशिन स्वतःच कनेक्शन बंद करत असेल, तर एका पत्त्याच्या एका पोर्टकडे त्याला सेकंदाला जेमतेम 470 नवी कनेक्शनं टिकवता येतात. तुम्ही मोजत असता ते पाठवणाऱ्या मशिनची मर्यादा.

पायरी 9: ऑन-कॉल, आधी कुणाच्या तरी सोबत

एकट्याने ऑन-कॉल (बिघाड झाला की धावून जायची पाळी) घेण्याआधी किमान दोन आठवडे दुसऱ्याच्या जोडीने बसा. त्याने कोणता ग्राफ आधी उघडला, कोणता अलर्ट सोडून दिला आणि का, हे विचारत राहा. रनबुकमधली (बिघाडाच्या वेळी करायच्या कृतींची वही) प्रत्येक कमांड दिवसाउजेडी, टेस्ट मशिनवर एकदा चालवून बघा. मी बघितल्या तेव्हा त्यातली एक जुन्या पाथवर होती आणि दुसरीसाठी लागणारी परवानगी माझ्या अकाउंटला नव्हती. दोन्ही त्याच दुपारी दुरुस्त झाल्या.

एचटीटीपीएसची सर्टिफिकेट कधी संपतात, ते कोण बदलतं आणि बदलल्यावर सर्व्हर रीलोड कोण करतं, हेही आधीच पाहून ठेवा. मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची सर्टिफिकेट सुरुवातीपासून 90 दिवसांची राहिली आहेत. नवी फाइल डिस्कवर आली, पण सर्व्हरच्या मेमरीत जुनीच राहिली, हा प्रकार वाटतो त्यापेक्षा फार वेळा घडतो. म्हणून फाइल न तपासता पोर्टला जोडून, समोरून प्रत्यक्ष कोणतं सर्टिफिकेट मिळतंय ते तपासा.

घटना चालू असताना वेळेसकट नोंद ठेवा: किती वाजता काय दिसलं, किती वाजता काय बदललं. एका वेळी एकच गोष्ट बदला. मी वहीत डावीकडे वेळ आणि उजवीकडे कृती लिहिते, आणि पॅकेट कॅप्चर, कोअर फाइल (सर्व्हर कोसळतानाची मेमरीची प्रत) किंवा लॉगचा तुकडा रीस्टार्टच्या आधी बाजूला काढून ठेवते, कारण रीस्टार्टने सर्व्हर तर उठतो, पण पुरावा जातो. सकाळी ड्युटी सोपवताना पुढच्या माणसाला तीन गोष्टी लिहून द्या: आत्ता काय चालू आहे, काय तात्पुरतं लावून ठेवलं आहे, आणि तुम्हाला अजून काय कळलेलं नाही.